मदत हवी आहे: वळवाच्या विजा आणि आमच्या दोन घोड्या (इंदूर)

नमस्कार मंडळी. सिमरोलच्या बाजूला आमची शेती आहे. तिथे राणी ही मारवाडी घोडी आणि तिची दीड वर्षाची शिंगरी असते.

गेल्या मंगळवारी पावसाचा थेंब पडायच्या आधीच बांधावरच्या चिंचेवर वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल सोलून निघाली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलंय. एरवी त्या वेळी दोघी त्याच चिंचेखाली असतात. त्या दिवशी खरारा करायला मी त्यांना आत घेतलं होतं, म्हणून वाचल्या. राणीने रात्रभर चंदीला तोंड लावलं नाही. मानेवरून हात फिरवला तर कातडी थरथरत होती.

पागा पत्र्याची, खांब लोखंडी, अर्थिंग नाही. बाहेर काटेरी तारेचं कुंपण आहे आणि गडगडलं की दोघी नेमक्या त्याच्या कडेने धावत सुटतात. सासरे म्हणतात, अगाडी-पिछाडी लावून आत बांध. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शेतात निंबाखाली बांधलेल्या दोन म्हशी एकदमच गेल्या, ते डोळ्यांसमोरून जात नाही. महूचा एक वायरमन म्हणतो, पत्र्यावर सळई उभी केली की झालं. खरंच पुरेल का? आणि नाल काढून ठेवावेत का?

प्रतिसाद:
ताई, नुसती सळई अजिबात लावू नका. वीजरोधकापासून जाड तांब्याची पट्टी थेट जमिनीत गेली पाहिजे, तीही घोड्यांच्या दारापासून लांब. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून प्रवाह एका पायातून शिरून छातीतून जातो. नाल काढून त्यात फरक पडत नाही. अर्थिंग झाल्यावर आत घ्या, पण लोखंडी खांबाला बांधू नका, मोकळ्या ठेवा. कुंपणाची तार सलग नको, मध्येमध्ये तोडून लाकडी फळ्या घाला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे.

धागाकर्ती:
खूप आभार. आणि विजा सुरू झाल्या तेव्हा घोड्या बाहेरच असल्या तर? मी धावत आणायला जाते.

प्रतिसाद:
जाऊ नका, ताई. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा, मगच बाहेर पडा. आभाळ भरून आलं की तेव्हाच आत घ्यायची सवय लावा.