मदत हवी आहे: लेकीच्या संख्या उलट्या पडायल्यात

उदगीरकर: बेचाळीस म्हटलं की २४ लिहिते, अठ्ठावीस म्हटलं की ८२. शंभरपर्यंत तोंडपाठ म्हणते, तिथं चूक नाही. बाई म्हणतात सराव घ्या. सराव घेतला की रडते. चाचणी जवळ आली आहे, लवकर सांगा.

मांजराकाठ: वय किती? इयत्ता? शाळा कोणती, मराठी का इंग्रजी?

लातूरची_मावशी: अबॅकसचा क्लास लावा. आमच्या लेकराला फरक पडला. पाचवीत नवोदयची परीक्षा असते, पाया आत्ताच पक्का करा.

परभणीवाला: डिस्लेक्सिया असेल. डॉक्टरला दाखवा.

निवृत्त_गुरुजी: एवढ्यावरून निदान होत नाही. या वयात पुष्कळ लेकरं अक्षरं-अंक उलटे काढतात. इथं तर अंक नीट आहेत, जागा बदलल्यात. हीच संख्या इंग्रजीत सांगून बघा.

उदगीरकर: सात पूर्ण, दुसरी. पहिलीला इंग्रजी शाळेत होती, यंदा जिल्हा परिषदेत घातलं. फोर्टी टू म्हटलं तर बरोबर ४२! सिक्स्टीनला मात्र ६१.

निवृत्त_गुरुजी: हे आधी सांगायचं होतं. लेकरू ऐकू येईल त्या क्रमानं लिहायलंय. बेचाळीसमध्ये बे आधी, सिक्स्टीनमध्ये सिक्स आधी. पाठ म्हणणं वेगळं, दशक कळणं वेगळं. तुराट्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. बेचाळीसला चार गठ्ठे, दोन सुट्ट्या तिलाच मांडू द्या. लिहिताना आधी गठ्ठे, मग सुट्ट्या. एकोणतीस, एकोणचाळीस शेवटी घ्या. नावात तीस आणि लिहायचे दोन दशक, तिथं मोठी मुलंही अडतात.

परभणीवाला: म्हणून तर २०१९ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन आणलं. केवढा वाद झाला.

लातूरची_मावशी: वीस एक म्हणून बाजारात कोण बोलतं? आम्ही पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे पाठ केले, काही अडलं नाही.

निवृत्त_गुरुजी: पावकी पाठ असलेली लेकरंही वर्गात अडायची, मावशी. दोन्ही म्हणू द्या: चाळीस दोन, बेचाळीस.

नांदेडची_आई: अक्षरासाठी दुरेघी वही घ्या, चांगलं वळण लागतं.

उदगीरकर: अक्षर चांगलं आहे ताई. गुरुजी, तुराट्या नाहीत, खराट्याच्या काड्यांना रबर लावले. चौसष्ट बरोबर मांडलं. लिहिताना आधी ४ काढला, गठ्ठ्यांकडं बघून तिनंच खोडला. चाचणीचं काय करू?

निवृत्त_गुरुजी: बाईंना भेटा. पहिली इंग्रजीत झाली हे त्यांना माहीत आहे का, ते आधी विचारा. चाचणीत काड्या जवळ ठेवू द्या म्हणावं.