मदत हवी आहे : बँकॉकच्या राजवाड्यातील रामकथेची चित्रे एका सकाळीत कशी पाहावीत?

नमस्कार. मी पुण्याहून एकटीच, पाठीवर एक सॅक घेऊन तीन आठवड्यांसाठी थायलंडला आले आहे. आज बँकॉकमधला पहिला दिवस होता, आणि ज्या गोष्टीसाठी या शहरात दोन दिवस राखून ठेवले होते तीच आज हुकली. उद्या संध्याकाळी चिआंग माईला जाणारी रात्रीची गाडी आहे, त्यामुळे हाताशी उद्याची सकाळ आणि दुपार एवढीच उरली आहे.

ती गोष्ट म्हणजे राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रंगवलेली रामकथा, जिला थाई लोक रामाकिएन म्हणतात. १७८२ साली गादीवर आलेल्या ‘पहिला राम’ या थाई राजाने राजधानी येथे आणली आणि त्याच्याच कारकिर्दीत या भिंती प्रथम रंगवल्या गेल्या. एकूण १७८ चित्रे आहेत. लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली ही कथा इतक्या दूरच्या लोकांनी आपलीशी कशी करून घेतली, त्यांचा हिरवा राम आणि पांढराशुभ्र हनुमान कसा दिसतो, हे मला धावतपळत नव्हे, तर भिंतीच्या कडेने सावकाश चालत पाहायचे आहे.

आज सकाळी सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने मक्कासानला आणि तेथून भुयारी मेट्रोने सनाम चाय स्थानकावर आले. जवळच्या हॉस्टेलमध्ये सॅक ठेवून साडेदहाच्या सुमारास राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने जात असताना नीटनेटक्या कपड्यांतील एका गृहस्थांनी मला थांबवले. आज बौद्ध सण असल्याने परदेशी लोकांना दोननंतरच प्रवेश मिळेल, तोवर हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये तीन देवळे दाखवील, असे त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितले की मला शंकाच आली नाही. एक देऊळ पाहून झाले आणि मग शिंप्याचे दुकान, रत्नांचे दुकान, पुन्हा रत्नांचे दुकान, अशी फरफट सुरू झाली. मी काहीच घेत नाही असे दिसल्यावर चालक मला अनोळखी रस्त्यावर उतरवून निघून गेला. रस्ता शोधत परत आले तेव्हा पावणेचार वाजले होते आणि तिकीट खिडकी साडेतीनलाच बंद झाली होती. राजवाडा सकाळपासून उघडाच होता, हे पहारेकऱ्याकडून कळले तेव्हा अक्षरशः रडू आले. पैसे फारसे गेले नाहीत, पण दिवस गेला.

मग ता तिएनच्या धक्क्यावरून पाच बाथ देऊन नावेने चाओ फ्राया नदी ओलांडली आणि वाट अरुण या मंदिरापाशी गेले. लांबून नक्षीकाम वाटणारे त्याचे शिखर जवळून पाहिले तर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेले आहे. एका फुलाच्या मधोमध छोटी बशी होती, भोवती फुटक्या वाडग्यांच्या कडांच्या पाकळ्या होत्या, आणि एका पाकळीवर मूळ भांड्याची निळी रेघ अजून स्पष्ट होती. त्या फुलापुढे मी बराच वेळ उभी होते.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. चित्रकथा नेमकी कोठून सुरू होते, आणि ती क्रमाने पाहायला किती वेळ ठेवावा? तेथे छायाचित्रे काढू देतात का? मी शाकाहारी आहे. आज मांस नको असे सांगूनही पपईच्या सोम तम या कोशिंबिरीत माशाचा सॉस निघाला, तर दुकानदाराला काय सांगावे? शिवाय संध्याकाळी हुआ लाम्फोंग स्थानकावर किती वाजता पोहोचावे?

प्रतिसाद :

मी सहा वर्षे बँकॉकमध्ये राहतो. असे गोड बोलणारे लोक त्या भिंतीपाशी नेहमीच असतात, तेव्हा तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. उद्या बाहेर कोणी काहीही सांगितले तरी न थांबता ना फ्रा लान रस्त्यावरील विसेत चैसी दरवाजापर्यंत जा. साडेआठला उघडताच आत शिरा, कारण दहानंतर सहलींची गर्दी होते. तिकीट ५०० बाथ आहे; खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

चित्रे उत्तरेकडून, विहान योत या इमारतीसमोरून सुरू होतात. नांगरताना जनकाला सीता सापडते, ते पहिले चित्र. तेथून प्रदक्षिणेच्या दिशेने, भिंत डाव्या हाताला ठेवून चाला. खांबांवरील संगमरवरी पाट्यांवर ‘पाचवा राम’ या राजाच्या काळात रचलेली पद्ये कोरलेली आहेत. निदान दोन तास ठेवा. ओवऱ्यांत छायाचित्रे काढता येतात. ‘पाचूचा बुद्ध’ ही मूर्ती असलेल्या मुख्य दालनात मात्र मनाई आहे.

जेवणासाठी ‘जे’ (शुद्ध शाकाहारी) हा थाई शब्द लक्षात ठेवा आणि दुकानदारालाही तोच सांगा. पिवळ्या पाटीवर लाल रंगात तो लिहिलेला दिसला, तर तेथे मांस, मासे, अंडी काहीच नसते; कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हुआ लाम्फोंगला जाऊ नका. चिआंग माईच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून सुटतात. सनाम चायहून निळ्या मार्गाच्या मेट्रोने, गाडी न बदलता, बांग सू येथे उतरा. स्थानक अवाढव्य आहे, त्यामुळे गाडीच्या तासभर आधी पोहोचा.