पुढचा टायर उजवीकडूनच झिजतोय आणि हाताला किसणीसारखा लागतोय

कराडचा_पिंट्या:
नमस्कार मंडळी. १५० सीसी बाईक, पुढे ८०/१००-१७ ट्यूबलेस, ११,००० किमी झालेत. दर शनिवारी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, रविवारी परत. महिनाभर झाला, ५० च्या पुढे गेलं की पुढून हूंऽऽ आवाज येतो. आधी वाटलं बेअरिंग गेलं, पण काल गाडी धुताना बघितलं तर उजवी बाजू डावीपेक्षा जास्त घासलीय आणि नक्षीवरून एकीकडून हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर किसणी. टायरवाला म्हणतो टायरच खराब निघाला, नवीन टाका, नाहीतर हाच उलटा करून बसवतो. काय करू?

घाटवेडा:
उलटा अजिबात नको रे. साईडवॉलवर बाण असतो तो शोभेला नाही दिलेला, पुढच्या चाकावर जोर येतो ब्रेकचा आणि मागच्यावर ओढायचा, त्या हिशोबाने असतो. आणि उजवी बाजू आपल्याकडे बऱ्याच जणांची जास्त जाते. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे डावं वळण आतून छोटं आणि उजवं बाहेरून लांब पडतं, उजव्या कडेवर जास्त अंतर जातं. अमेरिकेत उजवीकडून चालवतात, तिथले लोक डाव्या बाजूच्या नावाने हेच रडतात.

नटबोल्ट_काका:
वळणाचं बरोबर, पण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो तेही धरा, सरळ चालवतानाही टायर थोडा उजवीकडेच टेकतो. ते सोडा. किसणी हा वेगळा आजार आहे. ब्रेक दाबला की नक्षीचा एकेक ठोकळा वाकतो आणि त्याची एकच कड घासते, घाट उतरणाऱ्याचं थोडंफार होणारच. हवा कमी असेल तर ठोकळे अजून वाकतात. पंपावर पोचेपर्यंत टायर गरम होतो आणि काटा जास्त दाखवतो, त्यामुळे सकाळी गाडी हलवायच्या आधी बघ. मग मेन स्टँडवर लाव, कुणालातरी मागून दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल एका बोटाने हळू फिरव. बरोबर मधे येऊन खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. शॉकअप खालून धरून पुढेमागे ओढ, खट्ट वाजलं तर कोनसेट ढिला आहे. रिम वाकलीय का, शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का तेही बघ. हे न बघता नवीन टायर टाकलास तर तोही असाच जाईल.

कराडचा_पिंट्या:
काका, सकाळी गेज लावला, २५ च्या जागी १८ निघाली 🙈 हँडल पण मधोमध अडकतंय. मेकॅनिककडे खोललं तर खालच्या कपात छऱ्यांनी खड्डे पाडलेले, नख अडकत होतं. कोनसेट बदलला, हँडल लोण्यासारखं झालं. आवाज मात्र आहे तसाच.

नटबोल्ट_काका:
राहणारच, पडलेली किसणी परत सपाट होत नाही. नक्षीच्या खाचेत आडवी पट्टी असते ती बघ, दुचाकीला ०.८ मिमीची. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. मधली नको, उजव्या कडेची बघ.

कराडचा_पिंट्या:
पट्टीला टेकलाय. शनिवारच्या आधी टाकतो नवीन.