मदत हवी आहे : स्टिरिओ फोटो बघायचं भिंग घरी कसं करावं?

नमस्कार मंडळी,
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आमच्या वाचनालयात मुलांसाठी छोटं प्रदर्शन करतोय. विषय ब्रायन मे. 'क्वीन' बँडचा गिटारवादक म्हणून सगळे ओळखतात, पण बँडपायी अर्धवट राहिलेली पीएचडी त्याने २००७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पूर्ण केली, तीही सूर्याभोवतीच्या धुळीवर! त्याची गिटारही घरचीच, वडिलांबरोबर जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून बनवलेली. (गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, हे सांगितलं की मुलं कान टवकारणारच.)

तिसरा नाद स्टिरिओ फोटोंचा, म्हणजे एकाच गोष्टीचे जरा बाजूबाजूने काढलेले दोन फोटो; प्रत्येक डोळ्याने एकेक बघितला की खोली दिसते. नासाच्या यानाने टिपलेल्या बेन्नू लघुग्रहाच्या फोटोंच्या जोड्या लावून त्याने खडक उठावात दाखवले. मोबाईलवर हे सहज जमतं : एक फोटो डाव्या पायावर भार देऊन, दुसरा उजव्या पायावर. मी कुंडीतल्या जास्वंदीचे काढले. फूल अगदी पुढे येतं, फक्त वारा नको, नाहीतर पानं दोन्हीकडे वेगवेगळी दिसतात.

आता अडलंय ते बघायच्या भिंगापाशी. पुठ्ठ्याच्या डब्यात दोन बहिर्वक्र भिंगं बसवायची आहेत. किती नाभीय अंतराची घेऊ? फोटोंच्या मध्यांत साडेसहा सेंटिमीटर ठेवलेत, पण लहान मुलांचे डोळे जवळ असतात, त्यांच्यासाठी कमी करावं का? आणि पुण्यात अशी भिंगं सुटी कुठे मिळतील? चष्म्याच्या दुकानदाराने हात वर केलेत.