भावाची दारू सोडवायची आहे. सेंटर कसं निवडावं, पैशांचं काय करावं?

वाळव्याची_ताई:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे. दारू वाढत वाढत आता सकाळी तोंड धुवायच्या आधी लागते. नाही मिळाली तर हात इतके थरथरतात की चहाचा कप धरता येत नाही. दिवाळीत त्यानं स्वतःहून बंद केली, तर दुसऱ्या दिवशी फिट आली, जीभ चावली गेली. त्या भीतीनं वहिनीनंच त्याला क्वार्टर आणून दिली.

गावातल्या एकानं एका सेंटरचा नंबर दिला. फोन केला तर म्हणाले, ३ महिने ठेवायचं, दीड लाख, अर्धे आधी. "पेशंट तयार नसला तरी चालेल, आमची गाडी येऊन उचलेल. पहिला महिना भेट नाही, फोन नाही." आईनं सोनंतारणासाठी पाटल्या काढून ठेवल्यात. वडील म्हणतात, साखर कारखान्याचं उसाचं बिल जमा होईपर्यंत थांबा. एक नातेवाईक म्हणतो, पावडर मिळते, चहातून द्यायची, त्याला कळणारही नाही. यातून कुणी गेलं असेल तर सांगा. जागा कशी ओळखायची? आणि एवढे पैसे लागतातच का?

सिव्हिलची_सिस्टर:
ताई, बाकी सगळं नंतर. ज्याला एकदा फिट येऊन गेली आहे त्याची दारू घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. पुढच्या एक-दोन दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, घामानं अंथरूण भिजतं, आपण कुठं आहोत ते कळत नाही. यात माणूस दगावतो. वॉर्डात थरथर आवरणारी गोळी मोजून देतात आणि रोज थोडी थोडी कमी करतात. सोबत थायमिनची, म्हणजे बी-१ ची इंजेक्शनं. गावातल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून आणू नका. आधी थायमिन गेलं पाहिजे, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि ती पावडर अजिबात नको. अशा पुड्यांत बहुतेक वेळा डायसल्फिराम असतं. पेशंटला न सांगता दिलं आणि तो वर दारू प्यायला, तर बीपी कोसळतो, हृदयावर येतं. हेच औषध डॉक्टर तपासण्या करून, पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनं देतात.

मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढा आणि फिटची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा.

सातारारोड:
ताई, तुमची पोस्ट वाचून हातातलं काम ठेवलं. माझे मिस्टर आज पीत नाहीत. आमच्याकडेही असाच फोन झाला होता, अशीच गाडी पाठवायची तयारी होती. मी म्हटलं, आधी जागा बघते. भावाला घेऊन गेले. खाली ऑफिस चकाचक, एसी, भिंतीवर फोटो. वर जायचं म्हटलं तर नाही म्हणाले. डॉक्टर कोण, विचारलं तर "येतात आठवड्यातून एकदा", पण नाव सांगता येईना. जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. दुपारची वेळ, आत एवढी माणसं म्हणता आणि वरून कसलाच आवाज नाही. पावती मागितली तर कच्च्या कागदावर. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

म्हणून सांगते, फोनवर पैसे भरू नका. प्रत्यक्ष जा आणि राहायची खोली, संडास, स्वयंपाकघर बघा. रात्री कुणाला फिट आली तर काय करता, हे विचारा. उत्तर पटकन आणि नेमकं आलं पाहिजे: अमुक डॉक्टर, अमुक हॉस्पिटल, इतकं अंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही धरले आहेत. अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. माणसाच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर नातेवाइकाचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. साखळीनं बांधणं तर बेकायदाच आहे. चार पोरं गाडीतून येऊन उचलून नेतात, ते यात कुठंच बसत नाही. महिनाभर बोलूच देणार नाही म्हणतात, तिथं माझा भाऊ असता तर मी ठेवला नसता.

आता पैसे. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, तिथं उपचारांचे पैसे घेत नाहीत. १४४४६ या नंबरवर फोन करा, जवळचं केंद्र सांगतात. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. संस्था कुठलीही असो, फी झेपत नसेल तर दाखल करायच्या आधी तसं स्पष्ट बोला. कुठं सवलत आहे, कुठं नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

पण ताई, आईच्या पाटल्या कपाटात परत ठेवा, हे मी हात जोडून सांगते. आतल्या महिन्यासाठीच सगळे पैसे संपवायचे नसतात. आत दारू नसतेच हो, तिथं माणूस टिकतो. खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. दर फॉलो-अपला जायचं, त्या दिवशीची रजा, दोघांचं एसटीचं भाडं, गोळ्या. आमच्याकडे पगाराचा दिवस सगळ्यात अवघड. मिस्टरांनीच सुचवलं की वर्षभर पगार तुझ्या खात्यात येऊ दे, मला पेट्रोलपुरते दे. कंपनीतून येताना परमिट रूम लागतं, म्हणून ते कालव्याच्या लांबच्या रस्त्यानं यायचे. मधे एकदा घसरले, लग्नाच्या वरातीत. तेव्हा हाताशी थोडे पैसे होते म्हणून दुसऱ्याच दिवशी समुपदेशकाकडे नेता आलं. सगळे पहिल्याच फेरीत घातले असते तर त्या दिवशी कुणाच्या दारात गेले असते?

वहिनींनाही समुपदेशनाला न्या. बाटली त्यांनी आणून दिली म्हणून घरात कुणी बोलत असेल तर ते आधी थांबवा. नवऱ्याला फिट येताना बघितलेली बाई दुसरं काय करणार होती?

पॉलिसीवाला_कराड:
मी आरोग्य विम्यात काम करतो. त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं. तरीही बऱ्याच पॉलिसींमध्ये 'दारू, ड्रग्ज, व्यसनाधीनता आणि त्याचे परिणाम' हे वगळलेलं असतं. पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची यादी असते, त्यात अपवर्जन (एक्सक्लुजन) क्रमांक १२ शोधा. म्हणून कॅशलेसच्या भरवशावर दाखल करू नका, आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

पण तुमच्या भावाची पगाराची स्लिप बघितलीत का? पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू असण्याची शक्यता आहे, ०.७५ टक्के कपात दिसेल. तसं असेल तर ईएसआय दवाखान्यातून उपचाराची वाट उघडते. शिवाय डॉक्टरांनी आजारपणाचं प्रमाणपत्र दिलं आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. घर चालवायला तो मोठा आधार आहे.

वाळव्याची_ताई:
स्लिपवर कपात आहे! आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. भावाशी काल शांतपणे बोलले. गाडी येणार नाही, तुला कुणी फसवून नेणार नाही, असं सांगितल्यावर तो रडला आणि हॉस्पिटलला यायला तयार झाला. एकच म्हणतो, कंपनीत कळलं तर नोकरी जाईल.

आजचा_दिवस:
मी स्वतः दारुडा आहे, आज सोबर आहे. भावाला सांगा, आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे. कंपनीला द्यायच्या प्रमाणपत्रात काय लिहायचं ते त्यानं डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. माझ्या सुपरवायझरला मी स्वतःच सांगितलं, कारण वास त्याला रोजच यायचा. मी उपचार घेतोय म्हटल्यावर त्यानं रात्रपाळी बदलून दिली. प्रत्येकाचा साहेब असा असेलच असं नाही, म्हणून आपलं माणूस बघून ठरवावं.

डिस्चार्जच्या आधीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाची, जवळची मीटिंग शोधून ठेवा. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी हे सुरू केलं, आपल्याकडे मराठीतून मीटिंग चालतात. फी नाही. शेवटी पेटी फिरते, घालायचे तर घाला. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं, वहिनींना तिथं त्यांच्यासारख्याच बायका भेटतील. घरी आला की पहिल्याच संध्याकाळी त्याला मीटिंगला पाठवा. मी तर रिक्षातून बॅग घेऊन थेट मीटिंगला गेलो होतो. संध्याकाळी सात ते नऊ, त्या दोन तासांत कुणीतरी ओळखीचं शेजारी बसलेलं लागतं.

वाळव्याची_ताई:
सोमवारी मिरजेला जातोय, मी आणि वहिनी सोबत. सिस्टर, त्या दिवशी सकाळी त्याला प्यायला द्यायची नाही का? उपाशी न्यायचं?

सिव्हिलची_सिस्टर:
उपाशी नको, नाष्टा करून आणा. आणायचं म्हणून आदल्या रात्रीपासून तोडू नका, प्रवासात फिट आली तर पंचाईत. आहे तसा आणा. शेवटची कधी, किती आणि देशी की इंग्लिश, हे खरं सांगा. गोळीचं प्रमाण त्यावर ठरतं, म्हणून कमी करून सांगू नका. गाडी त्याच्या हातात देऊ नका. आधीचे रिपोर्ट, आधार, ईएसआय कार्ड घ्या. दाखल करून घेतलं तर रात्री एकजण सोबत राहायला लागेल, तेव्हा दोघींतल्या कुणी राहायचं ते घरूनच ठरवून या. ओपीडीला सोमवारी गर्दी असते, केसपेपरला लवकर उभ्या राहा.