कबरीशेजारी बसून जेवणं: मृतांचा मान की अपमान?

मनिलावासी: सहा वर्षं झाली इथे राहून. १ आणि २ नोव्हेंबरला फिलिपिनो लोकांचा 'उन्दास', म्हणजे मृतांच्या आठवणीचा सण, असतो. आधीच्या आठवड्यात कबरी घासून, चुना-रंग लावून ठेवतात. मग अख्खं घर मेणबत्त्या, फुलं, डबे घेऊन दफनभूमीत. काही जण रात्रभर तिथेच. गेल्या वर्षी शेजारच्या आजी मलाही घेऊन गेल्या. नवऱ्याच्या कबरीवर त्यांनी सुमान ठेवलं, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेला चिकट भात. नावातली पुसट झालेली दोन अक्षरं बारीक ब्रशने काळी केली आणि नातवाला म्हणाल्या, "आजोबांना सांग, कितवीत गेलास ते." माणसाला घरातलंच धरणं याला म्हणतात. मात्र फाटकावर पोलीस दारू, पत्ते, स्पीकर काढून घेतात. दारूचं समजतो, पण पत्ते का? रात्र जागवायची कशी?

सातारकर: काढून घेतात ते बरोबरच आहे. मनिलाच्या नॉर्थ सेमेटरीत त्या दिवसांत लाखोंची गर्दी होते. शेजारच्या कबरीपाशी यंदाच मूल गमावलेली आई बसलेली असेल, तर तिच्या कानाशी हसणं-खिदळणं कशाला? स्मशानात आवाज खालीच हवा.

वसईची लेक: आम्हीही २ नोव्हेंबरला कबरी फुलांनी सजवतो, मेणबत्त्या लावतो, फादर येऊन आशीर्वाद देतात. पण तिथे कोणी जेवत नाही. मला ती शांतताच हवी असते. पप्पांशी बोलायला वर्षातून तेवढीच जागा मिळते.

मनिलावासी: ताई, तुमचं पटतं. पण दादा, इथे उत्तरेकडच्या इलोकोस भागात 'आतांग' म्हणून मृतांसाठी अन्न वाढून ठेवतात. आपणही पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघतोच ना? जेवण हीच तिथली प्रार्थना आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये या दिवसांत दफनभूमी बंद होत्या, तेव्हा आजींनी घरातच फोटोपुढे ताट वाढलं. "तिकडे एकटे असतील," एवढंच सारखं म्हणत होत्या.

सातारकर: कावळ्याचं पान आम्ही गप्प बसून ठेवतो, फरक तिथे आहे. तरी आजींच्या ताटाला माझा विरोध नाही, आणि चार जणांनी हळू आवाजात पत्ते खेळले तर तेही चालेल. स्पीकर मात्र फाटकाबाहेरच.