आउटबोर्ड तापतो, पाण्याची धार बारीक

प्रश्न: गोव्यात शापोऱ्याला होडीला ९.९ एचपीचा टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) आहे. १० मिनिटांत तापतो, मागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक पडते. सिलिंडरचं हेड (वरचं झाकण) उघडावं का?

उत्तर १: हेड नंतर. आधी धारेच्या भोकात बारीक तार घाला, मीठ किंवा कुंभारीण माशीची माती अडकलेली असते. तरी धार बारीकच असेल तर खालचा गिअरकेस (पंख्याकडचा भाग) उतरवून पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) बघा. नदीच्या मुखावर वाळू ओढली की पाती झिजतात, आणि पाण्याबाहेर अर्धा मिनिट चालवला तरी जळतात. नवा बसवताना चावी (इंपेलर शाफ्टला अडकवणारा छोटा धातूचा तुकडा) विसरू नका. शाफ्ट फिरण्याच्या दिशेनंच फिरवत आत ढकला, पाती उलटी वाकायला नकोत. तुटलेला तुकडा वर नळीत गेला असेल, तो शोधाच.

उत्तर २: थर्मोस्टॅटही (तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) काढा. गरम पाण्यात उघडत नसेल तर बदला.

उत्तर ३: तेल कुठलं घालता? पेट्रोल-तेल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, पण टीसी-डब्ल्यू३च (आउटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक तेल). स्कूटरचं टू-टी तेल नको, त्याची राख प्लगवर बसते. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर १० मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा. हे सगळेच टाळतात!

प्रश्नकर्ता: धारेचं भोक साफ निघालं. गिअरकेस उतरवतो.